हिनोकीचे लाकूड: ओळख, निवड आणि निगा

हिनोकी, म्हणजे जपानी सायप्रस, ओळखायचा असेल तर त्याची डहाळी उलटी करून पाहावी. खवल्यांसारख्या चपट्या पानांची टोके बोथट असतील आणि खालच्या बाजूला ‘वाय’ या इंग्रजी अक्षराच्या आकाराच्या पांढऱ्या रेषा असतील, तर तो हिनोकी होय. त्याच्याच जवळच्या सावारा या वृक्षाची पानटोके अणकुचीदार असतात व खुणा ‘एक्स’सारख्या दिसतात. नागानो प्रांतातील किसो खोऱ्यात हे दोन्ही वृक्ष एकत्र वाढतात, त्यामुळे तिथे ही खूण विशेष उपयोगी पडते.

लाकूड निवडताना आधी गाभा पाहावा. सालीलगतचे फिकट लाकूड लवकर कुजते, तर आतला किंचित गुलाबी झाक असलेला पिवळसर गाभा पाणी आणि कीड यांना दीर्घकाळ दाद देत नाही. म्हणून स्नानाच्या टबासाठी गाभ्याच्याच फळ्या घ्याव्यात. त्यानंतर लाकडातील तंतूंच्या रेषा पाहाव्यात. ज्या फळीवर त्या सरळ आणि समांतर दिसतात, तिला जपानी सुतार ‘मासामे’ म्हणतात, आणि ती कमी वाकते. दाट वलये असलेले लाकूड हळू वाढलेल्या वृक्षाचे असते. किसोच्या हिनोकीची ख्याती मुख्यतः याच कारणाने आहे.

या लाकडाची खरी पारख जपानी मंदिरांनी केली आहे. नारा प्रांतातील होर्यूजी ही जगातील सर्वांत जुनी टिकून असलेली लाकडी वास्तू हिनोकीची आहे. इसे येथील देवस्थानात दर 20 वर्षांनी मंदिरे नव्याने उभारली जातात (मागील सोहळा 2013 मध्ये झाला), पण जुने लाकूड टाकून दिले जात नाही: मुख्य मंदिरांच्या आढ्याला आधार देणारे खांब देवस्थानाच्या प्रवेशमार्गावरील उजी पुलाच्या तोरणद्वारांसाठी वापरले जातात. लाकडाचा इतका आदर करणारी परंपरा मला फार मोलाची वाटते. सालही वाया जात नाही. जिवंत, वयस्क वृक्षाची बाहेरची साल आतील थराला इजा न करता सोलतात आणि तिचे छोटे तुकडे एकावर एक रचून, बांबूच्या खिळ्यांनी ठोकून छत शाकारतात. क्योतोच्या कियोमिझुदेरा मंदिराचे छत असेच आहे.

घरातील वस्तूंसाठी मात्र एक नियम कसोशीने पाळावा: हिनोकीला वॉर्निश लावू नये, कारण त्याचा सुगंध आणि ओल शोषून परत सोडण्याची क्षमता उघड्या लाकडातच असते. चिरण्याची फळी वापरण्यापूर्वी ओली करून पुसावी, म्हणजे अन्नाचा रस व वास आत मुरत नाही. मासे चिरल्यावर ती आधी थंड पाण्याने धुवावी. थेट कढत पाणी घातल्यास प्रथिने गोठून लाकडात अडकतात. मग ती रेषा उभ्या राहतील अशी सावलीत, वाऱ्यावर टेकवावी. उन्हात ठेवल्यास किंवा भांडी धुण्याच्या यंत्रात घातल्यास ती तडकते.

टब वापरून झाल्यावर लगेच रिकामा करावा, मऊ ब्रशने रेषांच्या दिशेने घासावा, पुसावा आणि खोली हवेशीर ठेवावी. बरेच दिवस वापर होणार नसेल, तर आत पाण्याची बादली ठेवावी, म्हणजे फळ्या पूर्ण वाळून आकसत नाहीत व त्यांच्यात फटी पडत नाहीत. नव्या लाकडातून राळेचे चिकट थेंब आल्यास ते अल्कोहोलने भिजवलेल्या कापडाने पुसावेत. सुगंध मंदावला, तर पृष्ठभाग बारीक पॉलिश कागदाने हलकेच घासावा. आतला ताजा थर उघडा पडला की तो पुन्हा दरवळतो.