नालासोपारा: लोकलने गाठता येणारं शूर्पारक बंदर कसं पाहावं

सोपारा म्हणजे प्राचीन शूर्पारक बंदर, आणि तिथं विटांचा एक बौद्ध स्तूप आहे. पण नालासोपाऱ्याला जाऊन "तिथं विटांच्या ढिगाऱ्याशिवाय काही नाही" म्हणत परतणारे बरेच आहेत. त्यांचा क्रम चुकलेला असतो. सोपाऱ्यात जे सापडलं ते मुंबईत आहे आणि जिथं सापडलं ती जागा सोपाऱ्यात, म्हणून आधी मुंबई, मग सोपारा. दोन्हींसाठी वेगवेगळे दिवस ठेवा.

पहिल्या दिवशी छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा शोधा. पुरातत्त्वज्ञ भगवानलाल इंद्रजींना तो १८८२ साली सोपाऱ्यात भाटेला तलावाजवळ मिळाला. लिपी ब्राह्मी. सगळं वाचता येणार नाही, पण दोन अक्षरं नक्की ओळखू येतात: बेरजेच्या चिन्हासारखा 'क' आणि घराच्या छपरासारखा 'ग'. ती सापडली की दगड अनोळखी राहत नाही. मजकूरही प्रवासाचाच आहे: पूर्वीचे राजे मौजेसाठी, शिकारीसाठी फिरत, अशोक मात्र राज्याभिषेकानंतर दहा वर्षांनी संबोधीला म्हणजे बोधगयेला गेला आणि तिथून धर्मयात्रा सुरू झाल्या. पुढे १९५६ मध्ये जवळच्या भुईगावात नवव्या लेखाचाही तुकडा मिळाला.

सोपाऱ्याच्या स्तूपाच्या गाभ्यातला ऐवज एशियाटिक सोसायटीकडे, म्हणजे फोर्टमधल्या टाऊन हॉलात. त्यातलं काय पाहता येईल हे जाण्याआधी विचारून घ्या. इंद्रजींनी स्तूप खणला तेव्हा मधोमध दगडी पेटी निघाली. तिच्यात तांब्याचा करंडक. त्यात चांदीचा, त्यात दगडाचा, त्यात स्फटिकाचा आणि सर्वांत आत सोन्याचा. सोन्याच्या करंडकात काय, तर मातीच्या भांड्याचे बारीक तुकडे! ते बुद्धाच्या भिक्षापात्राचे मानले जातात. एवढ्या धातूंच्या आत खापराला जपलेलं पाहिलं की त्या जागेचं मोल कळतं. तांब्याच्या करंडकाभोवती आठ छोट्या कांस्यमूर्ती होत्या: सात बुद्ध आणि पुढे येणारा मैत्रेय. सातवाहन राजा यज्ञश्री सातकर्णीचं चांदीचं नाणंही मिळालं. मूर्ती मात्र या नाण्यापेक्षा कित्येक शतकं नंतरच्या. म्हणजे स्तूप पुन्हा उघडून पूजला गेला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळीच विरार लोकल धरा. त्या वेळी गर्दी चर्चगेटकडे जाणारी असते, उलट दिशेला बसायला जागा मिळते. परतताना संध्याकाळी गर्दी विरारकडे येणारी असते, म्हणून तोच फायदा टिकतो. नालासोपाऱ्याला पश्चिमेला उतरा. पूर्वेला उतरलात तर पूल ओलांडण्यात वेळ जातो. रिक्षावाल्याला "सोपारा गाव, बौद्ध स्तूप" सांगा. स्तूपाचं जुनं नाव बुरूडराजाचा कोट. शूर्प म्हणजे सूप, आणि सुपं विणतो तो बुरूड. गावाचं प्राचीन नाव लोकांच्या तोंडी असं वेगळ्या वाटेनं उरलेलं दिसतं.

स्तूपावर चढू नका, विटा सुटतात. बाहेरून सावकाश एक प्रदक्षिणा घाला आणि भोवतीचे लहान पूजास्तूपही पाहा. अर्धा तास पुरतो. मे महिन्यात दहानंतर इथं ऊन सोसवत नाही, पावसाळ्यात चिखल असतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम.

इथं उभं राहिल्यावर पहिला प्रश्न येतो तो समुद्राचा. तो कुठं आहे? बंदर खाडीवर होतं. दक्षिणेला उल्हास, उत्तरेला वैतरणा, मध्ये खाड्यांचं जाळं. गाळ साचत गेला तशी जहाजांची वाट बंद झाली. परशुरामाची कथा नेमकी उलट सांगते: सगळी पृथ्वी दान दिल्यावर त्याला राहायला जागा उरली नाही, तेव्हा समुद्राने मागे सरून शूर्पारक दिलं. दोन्हींत जमीन आणि पाण्याचीच ओढाताण आहे. महाभारतात पांडव तीर्थयात्रेत शूर्पारकाहून प्रभासाला जातात. बौद्ध कथेतला व्यापारी पूर्ण इथलाच. त्याच्या गावात बुद्धासाठी चंदनाचा विहार बांधला गेला.

स्तूपानंतर चक्रेश्वर तलावाकाठच्या महादेव मंदिरात जा. ब्रह्मदेवाची उभी मूर्ती चुकवू नका. ब्रह्मदेवाच्या मूर्ती एकूणच दुर्मीळ. आवारातली इतर शिल्पंही पाहा. पूजेच्या जागा आहेत, फोटोआधी विचारा.

मग रिक्षाने निर्मळ गावी. परशुरामाने विमलासुराला मारल्याची कथा इथल्या विमलेश्वर मंदिराशी जोडलेली आहे, आणि एका शंकराचार्यांच्या समाधीचं मंदिरही इथंच. कार्तिक वद्य एकादशीला इथली मोठी यात्रा सुरू होते. त्या दिवसांत आलात तर राजेळी केळ्यांची सुकेळी घ्या. दाबून पाहा, बोटाला मऊ लागली पाहिजेत. मात्र यात्रेच्या दिवसांत रिक्षा अडकतात, स्तूप आधी उरका.

वेळ उरला तर वसईचा किल्ला. १५३४ मध्ये हा मुलूख पोर्तुगीजांकडे गेला, १७३९ च्या मे महिन्यात चिमाजी आप्पांनी किल्ला घेतला. तो मोठा आहे, निदान तीन तास लागतात. तेवढे नसतील तर त्याला स्वतंत्र दिवस द्या आणि कळंबच्या किनाऱ्यावर जा. सोपाऱ्यापासून मागे सरलेला समुद्र तिथं दिसतो.