सातबाऱ्यावर नाव नाही म्हणून शोध सोडू नका: कष्टकरी पूर्वजांचा माग काढताना या चुका टाळा

सातारा जिल्ह्यातल्या पणजोबांचा शोध घ्यायचा म्हटलं की पहिली धाव सातबाऱ्याकडे जाते. जमीन नसेल तर मालकाच्या रकान्यात नाव सापडत नाही आणि बरेच शोध तिथेच संपतात. पण मजूर, कूळ, बलुतेदार, गिरणी कामगार यांची नावं बहुतेक वेळा दुसऱ्या कुणाच्या तरी कागदावर असतात. ती कुठे आणि कोणत्या रूपात आहेत हे कळलं तर चार-पाच पिढ्या मागे जाता येतं.

आजचा तालुका धरून अर्ज करणं

सर्वात जास्त वेळ इथे वाया जातो. वाळवा, शिराळा, तासगाव, खानापूर हा सगळा भाग 1949 पर्यंत सातारा जिल्ह्यात होता. त्या वर्षी दक्षिण सातारा जिल्हा झाला आणि 1960 मध्ये त्याला सांगली नाव मिळालं. पलूस आणि कडेगाव हे तालुके तर अलीकडचे, म्हणून तिथल्या गावांचं जुनं दप्तर तासगावला किंवा विट्याला (खानापूर तालुक्याच्या ठाण्याला) निघू शकतं. खंडाळा पूर्वी वाई तालुक्याचा पेटा (तालुक्याचा दुय्यम भाग) होता, महाबळेश्वर जावळीचा.

त्यात संस्थानांची गावं मिसळलेली. फलटण संस्थान वेगळं होतं. औंध संस्थानाची गावं तर जिल्ह्यात विखुरलेली होती, कुंडल आणि आटपाडी त्यातलीच. 1948 च्या विलीनीकरणापूर्वी या गावांचा कारभार ब्रिटिश मामलेदार बघत नव्हता, त्यामुळे नोंदवहीची पद्धतही वेगळी असते. म्हणून आधी एका कागदावर लिहा: गाव, तेव्हाचा तालुका किंवा पेटा, तेव्हाचं संस्थान असेल तर ते. हे पक्कं झाल्याशिवाय एकही अर्ज करू नका.

आडनावाने शोधणं

जुन्या नोंदीत आडनाव असेलच असं नाही. 'ज्ञानू बिन खंडू, कुणबी' एवढंच लिहिलेलं असतं. 'बिन' म्हणजे अमुकचा मुलगा. बाईच्या नावापुढे 'कोम' किंवा 'भ्र.' (भ्रतार) आलं तर त्यापुढचं नाव नवऱ्याचं. घरात ज्ञानदेव म्हणून सांगितलेला माणूस कागदावर ज्ञानू असतो, पांडुरंग पांडू असतो आणि गणपती गणू. म्हणून स्वतःचं नाव, बापाचं नाव, जात आणि गाव अशा चार खुणा एकत्र जुळल्या तरच नोंद आपली माना. दोनच जुळल्या तर थांबा, कारण एकाच गावात त्याच नावाचा चुलत भाऊ निघणं अगदी नेहमीचं आहे. दत्तक गेलेल्या माणसाच्या बापाचं नाव मध्येच बदलतं, हेही ध्यानात ठेवा.

कोतवाल बुक चुकीच्या गावात पाहणं

गाव नमुना 14, म्हणजे लोकांच्या तोंडी कोतवाल बुक, ही गावातल्या जन्म-मृत्यूची वही. भूमिहीन माणसासाठी याहून मोलाचा कागद नाही, कारण इथे जमीन असण्याची अटच नाही. जुन्या वह्या तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात असतात. 1969 च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यानंतरच्या नोंदी ग्रामपंचायतीत पाहा. सातारा, कराड, वाई, रहिमतपूर, म्हसवड या जुन्या नगरपालिकांच्या हद्दीतला जन्म असेल तर नगरपालिकेची वही पाहावी लागते.

नेमकी चूक होते ती अशी: पहिलं बाळंतपण माहेरी होतं, म्हणून थोरल्या मुलाचा जन्म बापाच्या गावात नोंदलेलाच नसतो. पणजीचं माहेर कुठलं हे घरातल्या वयस्क बायकांना आधी विचारा. दुसरं, जन्माच्या नोंदीत बाळाचं नाव नसतं; 'मुलगा' किंवा 'मुलगी' आणि बापाचं नाव एवढंच असतं. म्हणून मुलाचं नाव शोधू नका, बापाचं शोधा आणि भावंडांच्या जन्मांची सगळी रांग उतरून घ्या. मृत्यूच्या नोंदीत कारणही असतं: ताप, पटकी, देवी, प्लेग. 1918 च्या इन्फ्लुएन्झाच्या साथीत एका घरात लागोपाठ मृत्यू दिसले तर ती नक्कल दोनदा लागली असं समजू नका, तारखा तपासा.

वह्या बऱ्याचदा मोडी लिपीत असतात. मोडीत शब्द सुटे लिहीत नाहीत आणि ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळत नाहीत, म्हणून नाव चुकीचं वाचलं जातं. मोडी वाचकाला एक पान न देता आजूबाजूची चार-पाच पानं द्या. त्याच लेखनिकाचं अक्षर कळलं की नाव बिनचूक लागतं.

सातबाऱ्याचा एकच रकाना वाचणं

'इतर हक्क' नीट वाचा. कूळ म्हणून नाव तिथे असतं. गाव नमुना 12 मध्ये कसणाराचं नाव येतं. 1 एप्रिल 1957 च्या कृषक दिनानंतर (कूळ कायद्याने कसणारं कूळ मालक ठरलं तो दिवस) कुळाला जमीन मिळाली असेल तर त्या कायद्यातली 32-ग ची कारवाई (किंमत ठरवण्याची) आणि 32-म चं खरेदीचं प्रमाणपत्र शोधा. नावापुढे 'ए.कु.मॅ.' असेल तर तो एकत्र कुटुंबाचा मॅनेजर, एकटा मालक नव्हे; बाकीचे भाऊ त्याच्यामागे झाकले गेलेले असतात. 'अ.पा.क.' म्हणजे अज्ञान पालनकर्ता, यावरून मुलाच्या वयाचा अंदाज येतो.

वारसाच्या फेरफारात (गाव नमुना 6) मयताची तारीख आणि वारसांची नावं मिळतात, बऱ्याचदा लग्न झालेल्या मुलींचीसुद्धा. फेरफार नंबर गटाच्या सातबाऱ्यावर असतो, पण एकत्रीकरण योजनेआधीचा (जमिनीचे तुकडे जोडून गट पाडण्याआधीचा) शोध जुन्या सर्व्हे नंबरनेच घ्यावा लागतो. जुना-नवा नंबर भूमी अभिलेख कार्यालयात जुळवून घ्या. शेत नसलेल्याचं घर मात्र असतं: ग्रामपंचायतीचा नमुना 8 घरपट्टीचा आहे, तलाठ्याचा 8-अ खातेदारांचा. दोन्हींची गल्लत करू नका.

मुंबईला गेलेला माणूस मुंबईतच शोधणं

पाटण, जावळी, माण, खटावमधून गिरणीत गेलेला माणूस आजारपणात गावी परतायचा, म्हणून मृत्यूची नोंद आधी गावात पाहा. गिरणीचे कागद म्हणजे तिकीट नंबर, लाल पास, हजेरीपत्रक, पगाराची पावती. भविष्यनिर्वाह निधीचा कायदा 1952 चा आहे, त्याआधीचा पीएफ नंबर शोधून उपयोग नाही. माथाडी (हमाल) मंडळांची नोंदणीही 1969 च्या कायद्यानंतरचीच. पहिल्या महायुद्धात गेलेल्यांसाठी कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनची यादी ऑनलाइन मोफत आहे. त्यात फक्त मृतांची नावं आहेत आणि स्पेलिंग साहेबांनी ऐकलं तसं. आडनाव टाकू नका, गावाच्या नावाने शोधा.

सन आणि तारीख

जुन्या कागदावर इसवी सनाऐवजी दुसरी कालगणना असते. इसवी सन काढायला शके असेल तर 78 मिळवा, फसली (महसुली वर्ष) असेल तर 590, शुहूर सन (मराठेशाहीच्या कागदांतलं वर्ष) असेल तर 599. शके 1840, फसली 1328 आणि शुहूर 1319 हे तिन्ही साधारण 1918-19 चे. शके वर्ष चैत्रात बदलतं, म्हणून जानेवारी ते पाडवा या काळातल्या नोंदीला 79 लागतात. शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरमधली 1 जून ही जन्मतारीख खरी मानू नका. ती गुरुजींनी लिहिलेली असते. बापाचं नाव आणि गाव मात्र तिथे भरवशाचं मिळतं.

अर्ज मोघम करणं

'माझ्या पणजोबांची सर्व माहिती द्यावी' असा अर्ज परत येतो, किंवा 'अभिलेख आढळत नाही' असं उत्तर येतं. गाव, तेव्हाचा तालुका, नोंदवहीचं नाव आणि दहा वर्षांचा पट्टा लिहा: 'मौजे अमुक, गाव नमुना 14, सन 1910 ते 1920, अभिलेख पाहणीस मिळावा.' आधी पाहणी मागा, नक्कल नंतर. माहिती अधिकारात जायचं झालं तर राज्याच्या नियमांप्रमाणे अर्ज एकाच विषयाचा आणि साधारण 150 शब्दांच्या आत ठेवा, 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा. नकार आला तर कोणत्या वर्षांच्या वह्या तपासल्या हे लेखी मागून अपील करा. सापडलेल्या प्रत्येक नोंदीखाली वहीचं वर्ष, पान आणि अनुक्रमांक लिहून ठेवा, नाहीतर पुढच्या वेळी तीच वही पुन्हा पहिल्या पानापासून उलगडावी लागते.