अर्बन डिझाईन करायचं आणि शिकवायचंही असेल तर

आर्किटेक्चरची डिग्री हातात पडली की लगेच शिकवायला उभे राहू नका. आधी काही वर्षं ऑफिसात ड्रॉइंग्ज काढा, साइटवर फिरा, मग अर्बन डिझाईनचं, म्हणजे शहरातले रस्ते, चौक, मोकळ्या जागा यांच्या रचनेचं, मास्टर्स. पोर्टफोलिओत चकचकीत रेंडर (कॉम्प्युटरवर केलेली चित्रं) कमी आणि रस्त्याचे सेक्शन (रस्ता आडवा कापल्यासारखा दाखवणारी ड्रॉइंग्ज) जास्त ठेवा: १:२०० स्केलला, फूटपाथ, झाड, दुकानाची पायरी सगळ्यासकट. मी तरी आधी तेच बघते.

स्टुडिओ, म्हणजे डिझाईनचा प्रात्यक्षिक वर्ग, घ्याल तेव्हा भिंतीवर नकाशाकार नोल्लीचा १७४८ चा रोमचा नकाशा लावा. त्यात चर्चच्या आतली जागाही रस्त्यासारखी पांढरीच सोडलीय, कारण तीही लोकांना खुली. मुलांना आपापल्या राहत्या भागाचा तसा नकाशा काढायला लावा. कुठली जागा खरंच सगळ्यांची, यावर वर्गात मनसोक्त भांडू द्या. दुरुस्ती मात्र त्यांच्याच पेन्सिलीने होऊ द्या.