बटन गुलाब उन्हाळ्यात वाळतोय? खान्देशात या चुका टाळा

दरवर्षी आखाजी (अक्षय्य तृतीया) झाली की तेच ऐकायला मिळतं. हिवाळ्यात नर्सरीतून बटन गुलाब आणला, आणला तेव्हा फुलांनी नुसता लगडलेला होता, आता काड्या उरल्यात, कोणतं औषध मारू? औषधाचं नंतर बघू. जळगाव-धुळे-नंदुरबारच्या पट्ट्यात बटन गुलाब, म्हणजेच मिनिएचर गुलाब, रोगाने तसा कमीच मरतो, तो जातो तापलेल्या कुंडीने आणि खारट पाण्याने. पानं पिवळी दिसली की आपण पानांवर फवारत बसतो आणि बिघाड असतो खाली मुळाशी, म्हणून आधी कुंडीला हात लावून बघा.

सगळ्यात पहिली चूक म्हणजे फूल एवढंसं म्हणून झाड नाजूक समजायचं आणि टीव्हीच्या बाजूला नाहीतर टीपॉयवर नेऊन ठेवायचं. हा पूर्ण गुलाब आहे, फक्त बुटका. याचे पूर्वज स्वित्झर्लंडच्या गावांत खिडकीबाहेरच्या कुंड्यांत सापडले, तिथल्या थंडीत तगून राहिलेले, आणि त्यातूनच हॉलंडमध्ये तयार झालेला 'टॉम थंब' १९३६ मध्ये अमेरिकेत विकायला आला. घरात ठेवलं की आठवड्याभरात कळ्या गळतात, मग पानं, मग फांद्या लांबुडक्या होऊन उजेडाकडे वाकतात. याला रोज ५-६ तास ऊन पाहिजेच. पाहुणे यायचे असतील तर एक दिवस आत ठेवा, संध्याकाळी परत बाहेर.

आता ऊन पाहिजे म्हटल्यावर काही जण एप्रिल-मे मध्ये पण कुंडी गच्चीवर मधोमध ठेवून देतात. पुस्तकातलं ५-६ तास ऊन वेगळं आणि भुसावळचं ४५ अंशांचं ऊन वेगळं! दुपारी स्लॅबवर अनवाणी पाय ठेवून बघा, ठेववत नाही, आणि ती ६ इंची काळी प्लॅस्टिकची कुंडी तिथेच दिवसभर बसलेली असते. जमिनीतल्या गुलाबाची मुळं खोल गारव्यात जातात, याच्या मुळांना जायला जागाच नाही, कुंडीची भिंत तापली की भिंतीला चिकटलेली बारीक पांढरी मुळं भाजतात, आणि पाणी ओढायचं काम तीच मुळं करतात. मग माती ओली असूनही झाड मान टाकतं, आपल्याला वाटतं तहान लागली, अजून पाणी ओततो, आणि भाजलेली मुळं वरून सडतात पण.

त्यामुळे होळीनंतर जागा बदलायची. पूर्वेकडचा ओटा किंवा बाल्कनी, जिथे सकाळी १०-११ पर्यंत ऊन येतं आणि नंतर सावली, ही सगळ्यात चांगली. तशी जागा नसेल तर ५० टक्क्यांची हिरवी शेडनेट बांधा, पश्चिमेकडून पण आडोसा करा कारण खरी वाट लावते ती दुपारनंतरची झळ. कुंडी थेट स्लॅबवर नको, खाली दोन विटा सरकवा म्हणजे बुडातून हवा खेळते. प्लॅस्टिकची कुंडी असेल तर ती मोठ्या मातीच्या कुंडीत ठेवून मधल्या जागेत रेती भरा आणि ती रेती ओली ठेवा, एवढ्यावर मे महिना निघतो. सगळ्या कुंड्या जवळजवळ ठेवा, वर मातीवर वाळलेल्या पानांचा नाहीतर गवताचा थर द्या.

आखाजीला चार दिवस माहेरी जाताना तर कुंड्या सरळ सावलीत, मोरीजवळ नाहीतर जिन्याखाली ठेवून जा आणि शेजारच्या काकूंना सांगून जा. चार दिवस सावलीने झाडाचं काही बिघडत नाही, कोरडं पडलं तर मात्र परत येत नाही.

पाणी हा दुसरा मोठा विषय आणि यावर कुणी बोलत नाही. आपल्याकडे नळाला रोज पाणी येत नाही, त्यामुळे कुंड्यांना बहुतेक घरी बोअरचं पाणी जातं, ते आधीच जड. त्यात उन्हाळ्यात कूलरची टाकी साफ करताना ते पाणी वाया कशाला घालवायचं म्हणून गुलाबाला ओततात, आरओ मशीनचं सोडलेलं पाणी पण झाडांनाच. हेतू चांगला आहे पण कूलरमध्ये पाणी उडून जातं आणि क्षार मागे राहतात, रोज नवीन पाणी भरलं की अजून साचतात, त्या जाळीवर जो पांढरा खर बसतो ना तोच आपण कुंडीत टाकतोय. आरओच्या सोडलेल्या पाण्यात पण क्षार वाढलेलेच असतात. ते पाणी ओटा धुवायला, संडास-बाथरूमला वापरा. मोठ्या झाडाला एकवेळ चालेल, ६-८ इंची कुंडीतल्या गुलाबाला नाही.

खूण कशी ओळखायची? कुंडीच्या कडेला आणि मातीवर पांढरी पापडी दिसते, जुन्या पानांचे शेंडे आणि कडा तपकिरी होऊन वाळतात. आणि नवीन पालवी बघा, पान पिवळं पण शिरा हिरव्यागार, जाळी काढल्यासारखं, तर ती लोहाची कमतरता. माती-पाण्यात चुना जास्त असला की लोह असूनही मुळांना मिळत नाही. इथे लोक हिराकस (फेरस सल्फेट) मातीत टाकतात, तो पण त्याच चुन्यात अडकून बसतो. दुकानात चिलेटेड लोह (चुन्यात अडकू नये म्हणून बांधून ठेवलेलं लोह) मागताना ईडीडीएचए प्रकारचं मागा, आपल्या मातीत तेच टिकतं, ईडीटीएवालं मातीत घालून फारसा उपयोग नाही, ते फवारणीला ठीक आहे. आणि १५ दिवसांतून एकदा नळाच्या चांगल्या पाण्याने कुंडी धुवून काढा, म्हणजे खालच्या भोकातून भरपूर पाणी वाहून जाईपर्यंत सावकाश घालत राहायचं, खालची बशी काढून टाकायची. पावसाळ्यात हे काम पाऊसच करतो, म्हणून तर जुलैत झाडं एकदम टवटवीत दिसतात.

रोज किती पाणी, याला उत्तर नाही. बोट दोन पेरं आत घाला, ओलं लागलं तर थांबा, कोरडं लागलं तर पोटभर द्या. मे मध्ये सकाळी लवकर एकदा आणि लागलं तर संध्याकाळी. दुपारी पाइप लावू नका, उन्हातल्या पाइपातलं पहिलं पाणी चटका बसेल इतकं गरम असतं.

मातीचं थोडक्यात सांगतो. वावरातली काळी माती आणून नुसती तीच भरू नका, कापसाला-केळीला ती सोनं आहे पण कुंडीत ओली झाली की चिखल आणि वाळली की भेगा, त्या भेगांत मुळं तुटतात. पाव भाग काळी माती खूप झाली, बाकी कुजलेलं शेणखत नाहीतर गांडूळ खत, कोकोपीट आणि जाड रेती. बरीच झाडं आंध्रातल्या कडियमहून येतात, त्यांच्या बुडाशी लाल चिकट मातीचा गोळा असतो, तो तसाच कुंडीत बसवला तर पाणी बाजूने निघून जातं आणि गोळा आत कोरडाच. पावसाळ्यात किंवा ऑक्टोबरमध्ये कुंडी बदलताना बादलीत बुडवून तो हलक्या हाताने सोडवा. उन्हाळ्यात मात्र अजिबात हात लावू नका.

पानं निस्तेज, वरून बारीक पांढरट ठिपके, धूळ बसल्यासारखी? फांदीखाली पांढरा कागद धरा आणि वरून टिचकी मारा. कागदावर मिरपुडीएवढे कण पडतील, क्षणभर थांबून बघा, ते चालायला लागले तर लाल कोळी आहे. बोटाने पुसल्यावर तांबूस रेघ उमटते. हा किडा नव्हे, कोळ्याच्या जातीचा आहे, म्हणून मावा-तुडतुड्यांसाठी वावरात वापरतात ते इमिडाक्लोप्रिड इथे चालत नाही, उलट कोळी खाणारे मित्रकीटक त्याने मरतात आणि कोळी वाढतो. कोरड्या गरम हवेत त्याची पिढी आठवड्यात तयार होते. सकाळी पाण्याचा जोरदार फवारा पानांच्या खालच्या बाजूने मारा, दर ३-४ दिवसांनी, दोन आठवडे तरी न चुकता. गंधक कोळ्यावर चालतं पण ३२ अंशांच्या वर पानं करपवतं, त्यामुळे आपल्याकडे ते हिवाळ्यातच, तेव्हा भुरीलाही (पानांवरच्या पांढऱ्या बुरशीला) तेच कामी येतं. कडुनिंबाचं तेल पण मे च्या उन्हात नको.

पावसाळ्यात पानांवर काळे गोल डाग पडून पानं गळतात, त्या बुरशीला पान साधारण ७ तास सलग ओलं लागतं. म्हणून संध्याकाळी पानांवर पाणी नको, गळलेली पानं उचलून टाका.

एक चूक फार जीवाला लागते. बुडातून नवीन जाड लालसर फुटवा येतो, कुणीतरी सांगितलेलं असतं की सात पानांची फांदी जंगली, कापून टाक. मिनिएचर गुलाब बहुतेक कलमाशिवाय, स्वतःच्याच मुळांवर वाढवलेले असतात, तिथे जंगली काही नसतंच, तो फुटवाच पुढची दोन वर्षं फुलं देणार असतो. खोडाच्या बुडाशी नीट बघा, कलमाची गाठ दिसली आणि फुटवा गाठीच्या खालून आला असेल तरच तो मुळापासून ओढून काढा. गाठ नसेल तर सात पानं असोत की पाच, हात लावू नका.

छाटणी ऑक्टोबरमध्ये, दसरा-दिवाळीच्या दरम्यान. वाळक्या आणि आत घुसलेल्या काड्या काढायच्या, बाकी झाड तिसरा हिस्सा ते निम्मं कमी करायचं, धारदार कात्रीने. कापायला जीव होत नाही हे खरं आहे पण न छाटलेलं झाड नुसत्या काड्यांचं होतं. दीड-दोन महिन्यांत, ऐन थंडीत, पहिला बहर येतो. एरवी फूल सुकलं की खालच्या पहिल्या पाच पानांच्या डोळ्यापर्यंत कापत जा. मे मध्ये वाळलेल्या झाडाची छाटणी करू नका, आधी फांदीवर नखाने ओरखडा, आत हिरवं असेल तर सावलीत ठेवून वाट बघा, पहिल्या पावसानंतर फुटतं.

खत म्हणजे ताजं शेण, चमचाभर युरिया किंवा साखरेचा चहाचा चोथा नव्हे. चोथ्याने मुंग्या येतात, मुंग्यांमागे पिठ्या ढेकूण. केळीची सालं आपल्याकडे घरोघर निघतात, ती कच्ची पुरू नका, कंपोस्टात कुजवून मग घाला. महिन्याला मूठभर गांडूळ खत, ओल्या मातीत. एप्रिल ते मध्य जून खत बंद.

आणि जुलै-ऑगस्टमध्ये प्रत्येक आवडत्या झाडाच्या ३-४ इंची काड्या, नुकतंच फूल येऊन गेलेल्या फांदीच्या, रेती-कोकोपीटमध्ये सावलीत खोचून ठेवा. महिन्याभरात मुळं धरतात, आणि दोन रोपं झाली की एक बहिणीकडे देऊन ठेवा.