आठवणींवर संशोधन करायचंय? आधी पंधरा शब्द लिहून घ्या

गादी, उशी, खाट, पांघरूण, रात्र, अंधार, जांभई, डुलकी, स्वप्न, घोरणं, अंगाई, पाळणा, गजर, थकवा, पहाट. हे पंधरा शब्द कागदावर उतरवा आणि घरातल्या कुणालातरी समोर बसवा. दोन सेकंदांना एक शब्द, सपाट आवाजात वाचा. वाचून झालं की लगेच विचारायचं नाही. शंभरातून सात-सात वजा करत मिनिटभर मोठ्यानं मोजायला लावा. मग कोरा कागद द्या आणि आठवतील ते शब्द लिहायला सांगा.

बऱ्याच कागदांवर तुम्हाला ‘झोप’ सापडेल. यादीत ती नाही, वर जाऊन बघा. मी हे पहिल्यांदा हॉस्टेलवर केलं तेव्हा सातपैकी चौघींनी झोप लिहिली होती. एकीला यादी दाखवली तरी पटेना. “तुझ्याच आवाजात ऐकलाय मी तो शब्द,” म्हणाली. रॉडिगर आणि मॅकडरमॉट या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९९५ साली अशा इंग्रजी याद्या वापरल्या, तेव्हा पहिल्या प्रयोगात न ऐकलेला शब्द ‘आठवण्याचं’ प्रमाण ४० टक्क्यांच्या आसपास होतं.

आता यातली एकच गोष्ट बदला. नवी यादी, नवा माणूस, पण वजाबाकी नाही. यादीतले शेवटचे दोन-तीन शब्द पटापट येतील. वजाबाकी घातली की शेवटच्या शब्दांचा हा फायदा जातो, सुरुवातीचे मात्र बऱ्यापैकी टिकतात. हे १९६६ पासून माहीत आहे, तरी स्वतःच्या हातानं करून बघण्यात गंमत वेगळी. एक गोष्ट बदलायची, बाकी सगळं तसंच ठेवायचं आणि काय सरकलं ते बघायचं: गेली सतरा वर्षं मी पगार घेऊन हेच करते. हे करताना तुम्हाला कंटाळा आला, तर पुढचं वाचलं नाही तरी चालेल. खरंच.

“मेमरी सायंटिस्ट व्हायला कुठला कोर्स?” असे फोन मला विद्यार्थ्यांपेक्षा पालकांचेच जास्त येतात. त्या नावाचा कोर्स नाही. जॉन ओकीफ यांना २०१४ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं, पण त्यांची डॉक्टरेट मानसशास्त्रातली. एरिक कँडल मनोविकारतज्ज्ञ. त्यांनी समुद्री गोगलगाईवर काम केलं आणि २००० साली नोबेल घेतलं. तेव्हा बारावीला मानसशास्त्र घेऊ की बायोलॉजी यावर घरात महाभारत नको. काहीही घ्या, फक्त संख्याशास्त्र सोडू नका आणि पायथनसारखी एक प्रोग्रॅमिंग भाषा शिका. मी कराडला बीएस्सी केलं, पुण्यात मानसशास्त्रात एमए केलं, आणि प्रोग्रॅमिंग टाळत राहिले. पीएचडीच्या पहिल्या वर्षी माझ्यापेक्षा चार वर्षांनी लहान मुलाकडून रोज संध्याकाळी शिकले. चहा मी पाजायचा, या बोलीवर.

पीएचडीसाठी प्रयोगशाळा निवडताना पहिला प्रश्न हा विचारा: उंदीर की माणसं? ‘मेमरी’ हा शब्द दोन्हीकडच्या वेबसाइटवर असतो. मुंबईच्या टीआयएफआरला (टाटा मूलभूत संशोधन संस्था) आणि बंगळुरूच्या एनसीबीएसला (राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्र) मेंदूवर उत्तम काम चालतं, पण त्यातलं पुष्कळसं उंदरांवर आणि पेशींवर. माणसांसोबत काम करायचं असेल तर बंगळुरूची मनोविकार आणि मेंदूविकारांची संस्था निम्हान्स, तिथल्याच भारतीय विज्ञान संस्थेचं (आयआयएस्सी) न्यूरोसायन्स केंद्र, हरियाणात मानेसरला असलेलं राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्र, अलाहाबाद विद्यापीठाचं बोधनशास्त्र (कॉग्निटिव्ह सायन्स) केंद्र, आयआयटी गांधीनगर आणि कानपूर ही नावं आधी चाळा. संस्थेच्या नावावर जाऊ नका. ज्यांच्या हाताखाली जायचं त्यांचे शेवटचे तीन शोधनिबंध वाचा. प्रवेशासाठी नेट ही राष्ट्रीय परीक्षा: जीवशास्त्रवाल्यांना सीएसआयआरची, मानसशास्त्रवाल्यांना यूजीसीची. त्यातून जेआरएफ ही संशोधन शिष्यवृत्ती मिळाली तर पहिली दोन वर्षं महिना ३७ हजार, पुढे ४२ हजार, वर घरभाडे भत्ता. हे दर जानेवारी २०२३ पासूनचे. बंगळुरूत यावर संसार होत नाही, खोली होते.

आणि एक गोष्ट कुणी आधी सांगत नाही. संशोधनाची पीएचडी केली म्हणून तुम्हाला रुग्ण तपासून अहवाल देता येत नाही. त्यासाठी क्लिनिकल सायकॉलॉजीचं वेगळं शिक्षण आणि भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते. हॉस्पिटलच्या मेमरी क्लिनिकमध्ये बसायचं स्वप्न असेल तर वाट सुरुवातीलाच वेगळी धरा.

आता खरं काम. लोकांना वाटतं, मशिनं असतात म्हणून हे शास्त्र आहे. १९५३ साली अमेरिकेत हार्टफर्डला हेन्री मोलेसन या २७ वर्षांच्या तरुणाची अपस्मारासाठी शस्त्रक्रिया झाली. मेंदूत खोलवर असलेला हिप्पोकॅम्पस हा भाग दोन्ही बाजूंनी बराचसा काढला गेला आणि त्याला नवं काही लक्षात राहीना. माँट्रियलहून मानसशास्त्रज्ञ ब्रेंडा मिल्नर त्याला तपासायला येत. आरशात बघून चांदणीच्या दोन रेघांमधून पेन्सिल फिरवायची, असं एक काम त्यांनी त्याला तीन दिवस दिलं. दर दिवशी त्याचा हात सुधारत गेला. हे आपण आधी केलंय याचा मात्र त्याला पत्ता नव्हता. हाताची आठवण आणि प्रसंगाची आठवण वेगवेगळ्या ठिकाणी राहते, हे पेन्सिल, आरसा आणि कागद एवढ्यावर कळलं. चाचणी नेमकी हवी. नेमकी चाचणी बनवणं हेच यातलं सगळ्यात अवघड आणि सगळ्यात कमी शिकवलं जाणारं कौशल्य.

मराठीत तर जास्तच. परदेशी चाचण्यांचं भाषांतर केलं की झालं, असं समजू नका. वस्तूंची चित्रं दाखवून नावं विचारायची बोस्टनची एक प्रसिद्ध चाचणी आहे. तिच्यात इग्लू आहे, हार्प आहे, बीव्हर आहे. पाटण तालुक्यातल्या एका आजींना मी इग्लू दाखवला. त्यांनी चष्मा नीट केला आणि म्हणाल्या, “भाताची मूद.” नियमाप्रमाणे शून्य गुण. मूद किती हुबेहूब दिसते ते तुम्हीच बघा! दिल्लीजवळ बल्लभगडच्या खेड्यांसाठी १९९५ च्या सुमारास हिंदीत एक चाचणी तयार झाली. ती ज्या इंग्रजी चाचणीवरून घेतली, तिच्यात ‘एक वाक्य लिहा’ असं होतं. लिहिता न येणाऱ्यांना तिथे ‘घराबद्दल काहीतरी सांगा’ असं विचारलं. हे मला भाषांतर वाटतं. बाकीची नुसती शब्दांची अदलाबदल.

माझी स्वतःची चूकही इथलीच. पहिल्या अभ्यासात ज्येष्ठ नागरिकांना शब्द ऐकवायचे आणि वीस मिनिटांनी विचारायचे. अकरा जणांचे गुण फारच कमी आले. मी आलेखावर लाल ठिपके काढले, ‘स्मृतीतली घट’ असा मथळा दिला आणि मार्गदर्शकांकडे गेले. त्यांनी एवढंच विचारलं, “ऐकू येतं का त्यांना?” मी परत गेले. त्यातल्या सहा जणांना ‘माठ’ आणि ‘पाट’ यांतला फरक कळत नव्हता. आजोबा विसरत नव्हते, त्यांनी शब्द ऐकलाच नव्हता. चार महिन्यांचं काम गेलं. तेव्हापासून आधी कान, मग चष्मा, मग रात्रीची झोप आणि चालू असलेल्या गोळ्या, आणि त्यानंतर आठवण, हा क्रम मी मोडत नाही. शब्द ऐकला की लगेच एकदा म्हणूनही घेते.

संमतिपत्र मराठीत, आणि मोठ्यानं वाचून. सही येत नसेल तर अंगठा, सोबत तुमच्या चमूबाहेरचा साक्षीदार. आचार समितीची मंजुरी मिळायला महिने जातात, ते वेळापत्रकात धरा. आणि चाचणी संपल्यावर “चुकलं का माझं?” असं कुणीतरी विचारतंच. “यात पास-नापास नाही” हे वाक्य आधीच घोटून ठेवा.

स्कॅनरचा दिवस एकदा जवळून दाखवते. एमआरआयचं ३ टेस्लाचं (टेस्ला हे चुंबकत्व मोजायचं एकक) चुंबक, म्हणजे पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या सुमारे ६० हजार पट. ते रात्री-सुट्टीतही चालूच असतं. त्यामुळे आत जाण्याआधी धातू शोधायचा. परदेशी सूचनापत्रकात पेसमेकर, बेल्ट, चाव्या असतात. आपल्याकडे साडीच्या निऱ्यांत पिन, पदराला पिन, ब्लाउजला आतून पिन, अंबाड्यात आकडे. जोडवी तर तीस-तीस वर्षं निघालेली नसतात. साबणाचं पाणी आणि दोरा मी ड्रॉवरमध्येच ठेवते. मंगळसूत्राचं विचारताना घाई करायची नाही. एका काकूंनी ते पुरुष तंत्रज्ञासमोर काढायला नकार दिला. मग त्यांनीच तोड काढली: पिवळ्या दोऱ्यात हळकुंड बांधलं, गळ्यात घातलं आणि आत गेल्या. आता तसा दोरा आणि हळकुंडंही ड्रॉवरमध्ये असतात.

आत गेल्यावर माणसानं तासभर डोकं हलवायचं नाही. आपण पेशींची हालचाल बघत नसतो, रक्तातल्या ऑक्सिजनचा फरक बघत असतो, आणि तोही घटनेनंतर पाच-सहा सेकंदांनी शिखरावर येतो. म्हणून चित्र नेमक्या कुठल्या क्षणी दाखवलं याची नोंद हवीच. यंत्राचा ट्रिगर, म्हणजे स्कॅन सुरू झाल्याचा इशारा, तुमच्या संगणकापर्यंत पोचतोय का, हे दर माणसाआधी तपासा. कालचा चालला म्हणून आजचा चालेल असं नसतं.

मग आकडे. हिशोबासाठी एका मेंदूच्या चित्राचे हजारो छोटे ठोकळे पाडतात, प्रत्येकावर वेगळी संख्याशास्त्रीय चाचणी. त्यातले काही नुसत्या योगायोगानं चमकणारच. २००९ साली क्रेग बेनेट आणि सहकाऱ्यांनी मेलेला सामन मासा स्कॅनरमध्ये ठेवला, त्याला माणसांचे फोटो दाखवले आणि ही माणसं काय भावना अनुभवताहेत असं विचारलं. योगायोगाची दुरुस्ती न करता हिशोब केला तेव्हा माशाच्या मेंदूत ‘हालचाल’ दिसली. दुरुस्ती केल्यावर नाहीशी झाली. नव्या मुलांना मी हा शोधनिबंध पहिल्या दिवशी देते, सुरमई खाऊन आलेल्यांना सुद्धा.

घरच्यांना काय सांगायचं, हाही या करिअरचा भाग आहे. माझे वडील एसटीत ड्रायव्हर, कराड-चिपळूण, कुंभार्ली घाट. लंडनच्या टॅक्सीवाल्यांना परवान्यासाठी शहरातले सुमारे २५ हजार रस्ते पाठ करावे लागतात, आणि त्यांच्या हिप्पोकॅम्पसचा मागचा भाग मोठा दिसतो, हे लंडनच्या मेंदूसंशोधक एलिनॉर मॅग्वायर यांनी २००० साली दाखवलं. मी हे घरी सांगितल्यावर वडील खूश झाले. पण २००६ मध्ये मॅग्वायर यांनी टॅक्सीवाल्यांची तुलना ठरलेल्या मार्गावरच्या बसचालकांशी केली, आणि बसचालकांत ते दिसलं नाही. “म्हणजे आमचं डोकं आहे तेवढंच राहिलं म्हण की,” वडील म्हणाले. मग मी पुढचं सांगितलं: त्याच अभ्यासात टॅक्सीवाले गुंतागुंतीची नवी आकृती नंतर आठवून काढण्यात बसवाल्यांपेक्षा कमी पडले. हे त्यांनी डेपोत सगळ्यांना सांगितलं. पहिला अर्धा भाग गाळून.

पीएचडीनंतर दोन-चार वर्षं पोस्टडॉक, म्हणजे दुसऱ्याच्या प्रयोगशाळेत तात्पुरती संशोधनाची नोकरी, बहुधा परदेशात. मग प्राध्यापकाच्या थोड्या जागा आणि भरपूर अर्जदार. माझ्या तुकडीतल्या दोघी औषध कंपन्यांत चाचण्यांचं नियोजन करतात, एक जण सॉफ्टवेअर कंपनीत आकडे बघतो. तिघांचाही पगार माझ्यापेक्षा जास्त आहे, हे मी विचारलं नव्हतं, त्यांनीच सांगितलं.

सुरुवात करायची तर उन्हाळी प्रशिक्षणासाठी ईमेल पाठवा. ‘मला लहानपणापासून मेंदूचं आकर्षण आहे’ हे वाक्य काढून टाका, ते सगळेच लिहितात. त्यांच्या एका शोधनिबंधातली न कळलेली एक जागा लिहा आणि विचारा. सोबत तुमच्या पंधरा शब्दांच्या प्रयोगाच्या वहीचे फोटो जोडा: यादी, तारीख, कोण वाचत होतं, किती सेकंदांनी, आणि प्रत्येकाचा कागद. ज्यांनी ‘झोप’ लिहिली नाही, त्यांचेही.