या चुका टाळा: लिनक्स ड्रायव्हरमध्ये नॅंड फ्लॅशचे सुरक्षित भाग जपताना

क्वालकॉमच्या एसडीएक्स५५ मोडेमवर आधारलेल्या काही बोर्डांत नॅंड फ्लॅशमधील (वीज गेली तरी मजकूर टिकवणाऱ्या स्मृतिचिपमधील) ईएफएस२ सारखी पार्टिशन्स (विभाग) ट्रस्टझोनच्या, म्हणजे प्रोसेसरमधील वेगळ्या सुरक्षित व्यवस्थेच्या, ताब्यात असतात, कारण फर्मवेअर बदलले तरी त्यांतील मजकूर तसाच राहायला हवा. असे भाग लिनक्सला कळावेत म्हणून २०२१ साली डिव्हाइस ट्रीमध्ये (कर्नलला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याला, दिलेल्या हार्डवेअरच्या वर्णनात) लिहायची ‘सिक्युअर-रीजन्स’ ही प्रॉपर्टी आली. कुलूप ट्रस्टझोनचेच असते. या प्रॉपर्टीवरून ड्रायव्हरमध्ये बनणारी सुरक्षित भागांची यादी फक्त कर्नलला त्या दाराशी जाऊ देत नाही. त्यामुळे यादी चुकली तर संरक्षण ढळत नाही, पण बोर्ड गोठू किंवा रीबूट होऊ शकतो.

सर्वांत फसवी चूक अंकांच्या रुंदीची आहे. प्रॉपर्टीत सुरुवातीचा पत्ता आणि आकार अशा जोड्या ६४ बिटी अंकांत द्याव्या लागतात, आणि त्यासाठी मूल्यांच्या आधी ‘/बिट्स/ ६४’ लिहावे लागते. ते राहिले तर डिव्हाइस ट्रीचा कंपायलर ३२ बिटी अंक लिहितो. मग एका जोडीचे दोन अंक मिळून कर्नलला एकच ६४ बिटी अंक दिसतो, अंकांच्या या संख्येला (एकला) दोनने भागल्यावर सुरक्षित भागांची संख्या शून्य येते आणि कोणतीही तक्रार न करता ड्रायव्हर सुरू होतो. दोन जोड्या असतील तर प्रकार आणखी विचित्र होतो: चिपच्या आवाक्याबाहेरचा एक निरर्थक पत्ता ‘सुरक्षित’ ठरतो आणि खरे भाग ड्रायव्हरच्या तपासणीतून सुटतात. जोडीतील दुसरा अंक शेवटचा पत्ता नसून आकार आहे, हेही अनेकदा विसरले जाते. ही प्रॉपर्टी कंट्रोलरच्या नव्हे, तर नॅंड चिपच्या नोडमध्ये (डिव्हाइस ट्रीतील तिच्या नोंदीत) लिहावी, आणि पत्ते पार्टिशनच्या नव्हे, तर चिपच्या आरंभापासून मोजावेत.

पार्टिशन ‘रीड-ओन्ली’ केले किंवा पार्टिशनांच्या यादीतून वगळले की काम झाले, हा समजही चुकीचा आहे. येथे वाचनालाही मनाई असते, आणि खराब ब्लॉकांचा (चिपमधील एकदम पुसल्या जाणाऱ्या, पण बिघडलेल्या तुकड्यांचा) तक्ता तयार करताना कर्नल पार्टिशनच्या सीमा न पाहता चिपमधील ब्लॉकांच्या खुणा वाचत जातो. म्हणून वाचणे, लिहिणे, पुसणे आणि खराब ब्लॉकची खूण तपासणे या चारही वाटांवर, कंट्रोलरला आज्ञा जाण्याआधी, तपासणी असायला हवी. तपासणीत शून्य लांबी दिली तर नेमका भागाच्या पहिल्याच पत्त्यावरचा प्रवेश निसटू शकतो. ब्लॉक तपासताना पूर्ण ब्लॉकची लांबी देणे बरे. नकार म्हणून येणारा ‘ईआयओ’ हा वाचन-लेखनातील चुकीचा संकेत खराब ब्लॉकचा पुरावा मानून तेथे खूण लिहू पाहणारे साधन अर्थातच गोंधळ वाढवते.

प्रॉपर्टी नसलेल्या बोर्डावर ड्रायव्हरचे प्रोब (उपकरण ओळखून सुरू करण्याची पायरी) अपयशी ठरणे हीही गंभीर चूक होय. सुरुवातीच्या कोडमध्ये ती होती आणि लवकरच दुरुस्त झाली.

शंका आल्यास आधी चालू प्रणालीतील डिव्हाइस ट्रीमध्ये या प्रॉपर्टीची लांबी पाहावी: प्रत्येक भागामागे १६ बाइट हवेत, आणि ८ दिसले तर दोष कुठे आहे हे लगेच कळते. भाग अडवल्याचा संदेश डीबग पातळीचा असल्याने डायनॅमिक डीबग (असे संदेश चालू करण्याची कर्नलची सोय) चालू केल्याशिवाय तो सहसा लॉगमध्ये दिसत नाही. तो नाही म्हणून तपासणी झालीच नाही, असा निष्कर्ष काढू नये. प्रत्यक्ष वाचून पाहायचे असेल तर ते रीबूट झाले तरी चालेल अशा चाचणीच्या बोर्डावरच करावे.