फ्राय चुकला का? ‘फ्युचरामा’वर वाद घालायची आमच्या घरची रीत

आमच्या घरात ‘फ्युचरामा’ या कार्टून मालिकेवरून जेवढी भांडणं झाली, तेवढी वाटणीवरूनही झाली नाहीत. भाचा एका बाजूला, मुलगी दुसऱ्या बाजूला आणि मी मध्ये. कारण सरकारी नोकरीत माझी बरीच वर्षं विभागीय चौकशा चालवण्यात गेली. कुणी काय केलं, ते करताना त्याला काय माहीत होतं आणि पुरावा कुठाय, हे विचारायची खोड निवृत्तीनंतरही सुटली नाही. तीच या कार्टूनवाल्यांना लावली तर वाद दोन-तीन चहा पुरतो आणि कुणी रुसून आत जाऊन झोपत नाही.

मालिका न पाहिलेल्यांसाठी एवढंच: मॅट ग्रेनिंग यांची ही मालिका २८ मार्च १९९९ला अमेरिकेत फॉक्स वाहिनीवर सुरू झाली. न्यूयॉर्कमध्ये पिझ्झा पोचवणारा फ्राय ३१ डिसेंबर १९९९च्या रात्री एका शीतपेटीत गोठतो आणि हजार वर्षांनी जागा होतो. मग एकडोळी कप्तान लीला, चोरटा, दारुडा रोबो बेंडर आणि म्हातारा प्राध्यापक फार्न्सवर्थ यांच्याबरोबर तो अवकाशात पार्सलं पोचवतो. म्हणजे धंदा तोच, पल्ला तेवढा वाढला.

आता वादाला बसताना आधी आरोप कागदावर घ्या. खरंच लिहून काढा. ‘फ्राय स्वार्थी आहे’ हा आरोप नव्हे, तो शेरा झाला. शेऱ्यावर वाद घालता येत नाही, फक्त आवाज चढवता येतो. कोणत्या भागात, कोणत्या क्षणी, काय करायला नको होतं, एवढं एका वाक्यात यायला हवं. आमच्याकडचा सगळ्यात जुना आरोप असा: ‘जुरासिक बार्क या भागात फ्रायने सीमोर या आपल्या कुत्र्याला जिवंत करणं शेवटच्या क्षणी थांबवलं, हे चूक.’

यानंतर कागदावर तीन रकाने आखा. पात्राला त्या क्षणी काय ठाऊक होतं, समोरच्या पात्राला काय ठाऊक होतं आणि आपल्याला, म्हणजे सोफ्यावर बसून बघणाऱ्याला, काय ठाऊक आहे. नव्वद टक्के भांडणं तिसऱ्या रकान्यातला मजकूर पहिल्यात घुसडल्याने होतात.

सीमोरचंच घ्या. २००२ सालचा हा भाग. फ्रायला संग्रहालयात आपला कुत्रा दगड झालेल्या अवस्थेत सापडतो. तो परत मिळावा म्हणून हा बाबा संग्रहालयाबाहेर तीन दिवस नाचून निषेध करतो. प्राध्यापकाकडे क्लोन करायचं यंत्र आहे. बेंडरला कुत्र्याचा हेवा वाटतो आणि तो दगडी कुत्रा लाव्ह्यात फेकतो. नंतर पश्चात्ताप होऊन स्वतःच उडी मारून काढूनही आणतो. सगळं जुळून आलेलं असताना यंत्र सांगतं की सीमोर पंधरा वर्षांचा होऊन मेला. फ्राय हिशेब करतो: मी गेलो तेव्हा तो तीन वर्षांचा होता, म्हणजे माझ्यामागे बारा वर्षं जगला. त्याने त्याचं आयुष्य जगून घेतलं असेल, मला विसरलाही असेल. आणि तो यंत्र थांबवतो.

मग आपल्याला दिसतं ते शेवटचं दृश्य. फ्राय जिथे काम करायचा त्या पनुचीच्या पिझ्झाच्या दुकानासमोर बसलेला सीमोर. ऊन, पाऊस, बर्फ, दुकानाचा मालक म्हातारा होत चाललेला, आणि कुत्रा त्याच जागी, डोळे मिटेपर्यंत. माझी मुलगी हा भाग दुसऱ्यांदा बघत नाही. पण हे दृश्य फ्रायला दिसलेलंच नाही! ते तिसऱ्या रकान्यातलं. ‘इतक्या निष्ठावान जिवाला त्याने नाकारलं’ असं म्हणणारा माणूस फ्रायवर स्वतःच्या डोळ्यांतल्या पाण्याचा दावा लावतोय.

मग फ्राय सुटला? नाही. पहिला रकाना नीट वाचा. त्यात फक्त एक आकडा आहे, पंधरा. त्या एका आकड्यावरून त्याने बारा वर्षांचं सुखी आयुष्य उभं केलं. सुतावरून स्वर्ग गाठला. चौकशी अधिकारी म्हणून मला इथे क्रौर्य दिसत नाही, निष्काळजीपणा दिसतो. हा वेगळा आरोप आहे आणि त्याची शिक्षाही वेगळी.

भाच्याचा हुकमाचा पत्ता पुढच्या वर्षीच्या भागात आहे. ‘द व्हाय ऑफ फ्राय’ (२००३) मध्ये कळतं की फ्राय शीतपेटीत पडला तो अपघात नव्हता, लीलाच्या पाळीव, इवल्याशा निबलरने त्याला ढकललं होतं. पहिला भाग पुन्हा लावा, टेबलाखाली ती छोटी सावली दिसते. मग फ्रायला त्याच रात्री परत जायची आणि ते गोठणं टाळायची संधी मिळते, आणि लीलासाठी तो ते घडू देतो. ‘म्हणजे मामा, दुसऱ्या वेळी त्याने कुत्र्याला जाणूनबुजून सोडलं!’ मुद्दा बिनतोड वाटतो. पण पुन्हा रकाने बघा. तोवर फ्रायची पक्की समजूत आहे की सीमोर मजेत जगला. आधीचा चुकीचा निष्कर्ष पुढच्या निर्णयाचा पाया झाला. कचेरीत अशा फायली ढिगाने पाहिल्यात.

मालिकेने स्वतःच ही परीक्षा एकदा घेतली आहे. ‘द लक ऑफ द फ्रायरिश’ (२००१) या भागात फ्राय अख्खा वेळ भाऊ यान्सीला शिव्या घालतो: माझं सात पानांचं क्लोव्हर, म्हणजे नशीब उघडणारं रोपटं, चोरलं, माझं नावसुद्धा चोरलं. शेवटी थडग्यावरचा मजकूर वाचतो तेव्हा कळतं, ते नाव यान्सीच्या मुलाचं, हरवलेल्या काकाच्या आठवणीत ठेवलेलं.

लीलाचा विषय निघाला की आवाज वाढतातच. ‘ती फ्रायला झुलवते’ हा तिच्यावरचा कायमचा ठपका. तिथे ‘टाइम कीप्स ऑन स्लिपिन’ (२००१) हा भाग काढा. काळ अचानक पुढे उड्या मारायला लागतो. अशाच एका उडीनंतर फ्राय आणि लीलाचं लग्न लागलेलं असतं आणि ते कसं जुळलं हे दोघांनाही आठवत नाही. याने काहीतरी लबाडी केली असं वाटून लीला घटस्फोट घेते. पुढे फ्रायला अवकाशात दिसतं की त्याने तारे हलवून तिच्या नावाने प्रेमाची कबुली लिहिली होती. त्याच वेळी तो सगळा पसारा नष्ट होतो आणि लीला ते बघतच नाही. फ्रायचा रकाना भरला, आपला भरला, लीलाचा कोराच. त्या कोऱ्या रकान्यावर तिला दगडाच्या काळजाची ठरवायचं असेल तर खुशाल ठरवा, मी सही करणार नाही.

आता विनोदाचं काय करायचं? मालिका विनोदी आहे, दर दोन मिनिटांनी कुणी ना कुणी माणुसकीला काळिमा फासतंच. प्रत्येक थप्पड नोंदवत बसलात तर सगळेच जन्मठेपेला जातील. माझा नियम असा: वारंवार येणारा विनोद पुरावा धरायचा नाही, जोवर एखादा भाग स्वतःच त्यावर प्रश्न विचारत नाही. पार्सल कंपनीच्या डॉक्टर झॉयडबर्गला सगळे हिडीसफिडीस करतात, ते नुसतं हसण्यावारी न्या. पण ‘द टिप ऑफ द झॉयडबर्ग’ (२०११) मध्ये तिथलाच कारकून हर्मीस विचारतो की हा बिनकामाचा डॉक्टर प्राध्यापकाने ठेवलाय कशाला. उत्तर हसू थांबवणारं आहे. फार पूर्वी प्राध्यापकाला एका भयंकर रोगाची लागण झाल्याची शंका होती आणि तो उफाळला तर मला मारून मोकळं कर, असं वचन त्याने झॉयडबर्गकडून घेतलं होतं. तिथून पुढे प्राध्यापकाच्या वागण्यावर रीतसर वाद घाला.

बेंडरला या सगळ्यात वेगळी सवलत मागणारे असतात: तो यंत्र आहे, त्याचा काय दोष? मालिकेने ही पळवाटसुद्धा बुजवली. ‘फ्री विल हंटिंग’ (२०१२) मध्ये रोबोला स्वतंत्र इच्छाच नसते म्हणून न्यायालय त्याला निर्दोष सोडतं आणि त्याने तो खचतो. शेवटी प्राध्यापकावर गोळी झाडल्याबद्दल दोषी ठरतो आणि आनंदाने नाचतो. दोषी ठरल्यावर नाचणारा माणूस माझ्या टेबलासमोर कधी आला नाही.

बसण्याआधी एक गोष्ट मात्र ठरवून घ्या, कोणती कागदपत्रं ग्राह्य. फॉक्सने मालिका २००३ला थांबवली, नंतर चार मोठे चित्रपट आले, मग ती कॉमेडी सेंट्रल वाहिनीवर आणि २०२३पासून हुलू या ओटीटीवर परत आली. २००७च्या ‘बेंडर्स बिग स्कोअर’मध्ये फ्रायची एक प्रतिकृती भूतकाळात जाऊन सीमोरबरोबरच राहते. तो चित्रपट ग्राह्य धरला तर कुत्र्याची ती बारा वर्षं एकट्याने गेलीच नाहीत. काही चाहते त्याने सुटकेचा निःश्वास टाकतात. भाच्याच्या मते ही पाच वर्षांनी मागच्या तारखेने केलेली नोंद आहे. आम्ही सीमोरची फाईल २००२च्या भागापुरतीच चालवतो, आणि हे आधी बोलून ठेवतो. निर्मात्यांनी मुलाखतीत काय सांगितलं तेही ऐकावं, पण साक्ष म्हणून. निकाल म्हणून नव्हे.

शेवटी निष्कर्ष एका वाक्यात लिहा आणि असहमती असेल ती खाली नोंदवा. आमचा सीमोरबद्दलचा असा आहे: ‘फ्रायचा हेतू चांगला, माहिती तोकडी, आणि ती वाढवायचा प्रयत्न त्याने केला नाही.’ मुलीने खाली लिहिलंय की कुत्र्याला उठवल्याशिवाय माहिती वाढणार कशी, आणि एकदा उठवल्यावर निर्णय मागे घेता येणार होता का? भाच्याने अजून सही केलेली नाही.